आधी कोण आलं?

मार्चमध्ये सांगलीच्या मार्केट यार्डात शिरलं की आधी हळदीचा वास भेटतो. नव्या मालाची पोती उतरत असतात, सौद्याची वेळ जवळ आलेली असते. अशाच एका सकाळी फोन आला म्हणून मी एका अडत दुकानात पोचलो. पाचपैकी चार संगणकांवर एकच चौकट उभी होती: फाईल आधीच वापरात आहे. बाहेर शेतकरी पट्टीसाठी ताटकळले होते. माल तोलून झाला होता, भाव ठरला होता, पण हमाली-तोलाई वजा जाता हातात किती पडणार हे सांगणारा कागदच निघत नव्हता.

“आठवड्यातून दोनदा-तीनदा होतं सर,” दिवाणजी म्हणाले. “सर्व्हर बंद करून चालू केला की सुरळीत होतं.”

हे ऐकलं की मी सावध होतो. बंद-चालू केल्याने अडचण जाते, पण तिच्याबरोबर पुरावाही जातो. म्हणून माझी पहिली विनंती ठरलेली असते: पाच मिनिटं कुणीही काही बंद करू नका.

पाचवा संगणक मात्र छान चालला होता. त्यावर दीड महिन्यापूर्वी कामाला लागलेली मुलगी बसली होती. शेठ हलक्या आवाजात म्हणाले, “हिच्याच मशीनमुळे होतं. काहीतरी चुकीचं दाबत असणार.”

मी सर्व्हरवर गेलो. विंडोजमध्ये ‘शेअर्ड फोल्डर्स’खाली ‘ओपन फाईल्स’ नावाची यादी असते. कोणती फाईल, कुणाच्या लॉगिनने, कोणत्या पद्धतीने उघडली आहे, ते तिथे ओळीने दिसतं. पट्टीच्या डेटाबेससमोर एकच लॉगिन होतं, त्या मुलीचं. म्हणजे शेठचं निरीक्षण बरोबर होतं. फाईल तिच्याच मशीनने धरून ठेवली होती.

याच यादीत ओळीवर उजवं बटण दाबून फाईल जबरदस्तीने बंद करता येते. घाईच्या वेळी हात तिकडे वळतोच. पण त्या क्षणी एखादी नोंद अर्धी लिहून झाली असेल तर डेटाबेस कायमचा बिघडू शकतो, आणि त्यात हंगामभराचे हिशोब असतात. म्हणून मी तिला हातातलं काम पुरं करून प्रोग्राम नीट बंद करायला सांगितलं. लगेच फाईलची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर घेतली. चारही मशीन चालू झाली, पट्ट्या निघू लागल्या. बाहेरची गर्दी पांगली, पण कारण अजून हाती लागलं नव्हतं.

मघाशी फोल्डर बघताना एक गोष्ट मला खटकली होती. हे सॉफ्टवेअर मायक्रोसॉफ्ट अॅक्सेसवर चालतं. अॅक्सेसचा डेटाबेस पहिल्या माणसाने उघडला की त्याच फोल्डरात, त्याच नावाची एक छोटी फाईल आपोआप तयार होते. 2007 च्या आवृत्तीपासून तिचं शेपूट ‘एलएसीसीडीबी’ असं असतं. ही फाईल म्हणजे दारावर लावलेली चिठ्ठी. पुढे येणारा प्रत्येक जण त्या चिठ्ठीवर आपली नोंद करतो आणि आत जातो. कोण आत आहे आणि कोणती नोंद कुणी धरली आहे, याचा ताळमेळ त्या चिठ्ठीच्या आधाराने राहतो. शेवटचा माणूस बाहेर पडला की चिठ्ठी पुसली जाते. त्या सकाळी कुलूप होतं, पण चिठ्ठी नव्हती.

चिठ्ठीच लावता आली नाही तर अॅक्सेस वाटून वापरण्याचा धोका पत्करत नाही. आलेल्या एकट्यालाच आत घेतो आणि दार लावून टाकतो. ते योग्यच आहे. नाहीतर दोघांनी एकाच शेतकऱ्याच्या खात्यावर एकाच वेळी लिहिलं असतं आणि एकाचं लिहिणं दुसऱ्याने पुसलं असतं. आपण ज्याला एरर म्हणतो, तो पुष्कळदा आपल्या हिशोबाचा राखणदार असतो.

मग मी त्या मुलीशेजारी खुर्ची ओढून बसलो आणि विचारलं, “ताई, तुम्हाला काय वाटतं, हे कधी होतं?”

तिने क्षणभर शेठकडे पाहिलं. मग म्हणाली, “मी सगळ्यांच्या आधी आले की होतं. म्हणून हल्ली मी मिरजेहून येणारी दुसरी बस धरते. आज पहिली मिळाली.”

दिवाणजींनी हजेरीची वही काढली. अडचणीच्या तारखा त्यांनी त्याच वहीच्या समासात लिहून ठेवल्या होत्या. प्रत्येक तारखेला हजेरीत पहिलं नाव तिचं होतं.

तिचं लॉगिन तपासलं आणि गाठ सुटली. ते तयार करणाऱ्याने सावधगिरी म्हणून तिला फायली वाचायची-लिहायची परवानगी दिली होती, पण त्या फोल्डरात नवी फाईल बनवायची किंवा पुसायची दिली नव्हती. दुसरं कुणी आधी आलं की चिठ्ठी लागलेली असे, हिला त्यावर फक्त नोंद करायची असे, ते जमायचं. ही पहिली आली की चिठ्ठी बनवायचं काम हिच्यावर येई, आणि तेवढीच परवानगी हिच्याकडे नव्हती.

मी त्या एका फोल्डरापुरते दोन्ही हक्क तिला दिले. मग सगळ्यांना बाहेर पडायला सांगितलं आणि तिला म्हटलं, “आता तुम्ही पहिल्या.” तिने प्रोग्राम उघडला. सर्व्हरच्या पडद्यावर फोल्डरात ती छोटी फाईल उमटली. मागोमाग एकेक करत चौघे आत आले. मी फाईलचा आकार पाहिला: 320 बाईट. प्रत्येकाच्या नोंदीला 64 बाईट लागतात, 32 संगणकाच्या नावाला आणि 32 वापरणाऱ्याच्या नावाला. पाच माणसं, पाच नोंदी. नोटपॅडमध्ये उघडली तर पाच संगणकांची नावं दिसली, आणि प्रत्येकापुढे ‘ॲडमिन’, कारण वेगळं नाव दिलं नाही तर अॅक्सेस सगळ्यांना तेच नाव देतो.

दरवेळी कारण हेच निघतं असं नाही. कुठे बॅकअप नेमका कामाच्या वेळी लागलेला असतो, कुठे अँटिव्हायरस फाईल चाळत बसतो, कुठे वाय-फायवरचा लॅपटॉप फाईल उघडी ठेवून झोपी जातो. शोधायची रीत मात्र तीच. चौकटीतला मजकूर शब्दन् शब्द लिहून घ्यायचा, वेळ टिपायची, फाईल कुणाच्या हातात आहे ते बघायचं. आणि इथे थांबायचं नाही. फाईल कुणाच्या हातात आहे हे यादी सांगते, ती त्याच्या हातात का अडकली हे सांगत नाही. ते बहुधा त्या माणसालाच ठाऊक असतं, आणि त्यालाच कुणी विचारलेलं नसतं.

निघताना शेठ तिच्या टेबलाशी गेले. “उद्यापासून पहिली बस धर,” म्हणाले. “सौद्याच्या आधी तूच उघडत जा.”