अंतरपाट सरताना : कमी उजेडातल्या लग्नासाठी लेन्सची निवड

तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू होते आणि फोटोग्राफरांच्या डायऱ्या भरू लागतात. नव्यानं या धंद्यात उतरलेली मुलं याच दिवसांत विचारत असतात, ‘लग्नासाठी कोणती लेन्स घेऊ?’ बहुतेकांना उत्तर म्हणून एक आकडा मिळतो : एफ २.८ घे, नाहीतर एफ १.४ घे. आकड्याला महत्त्व आहेच, पण त्याआधी स्वतःला विचारावं : विधी चालू असताना मी कुठे उभा राहणार? गुरुजींच्या आणि वधूवरांच्या अंगावर न जाता, कुणाचे डोळे दिपवणारे दिवे न लावता जिच्यामुळे काम करता येतं, ती लग्नाची लेन्स, असं माझं ठाम मत आहे.

हा विचार शंभर वर्षांचा आहे. लुडविग बेर्टेले यांनी रचलेली एर्नोस्टार ही लेन्स १९२४ साली एर्मानॉक्स या छोट्या कॅमेऱ्यावर आली. तिचं छिद्र एफ २ इतकं मोठं होतं. एरिक सॉलोमन या जर्मन छायाचित्रकारानं हाच कॅमेरा घेऊन कोर्टात आणि मुत्सद्द्यांच्या बैठकांत, आहे त्या उजेडात फोटो काढले. तिथली माणसं आपापल्या कामात गढलेली दिसतात. लग्नाच्या फोटोकडूनही आपल्याला हेच हवं असतं.

उजेडाचा हिशेब

फोकल लेंग्थला छिद्राच्या व्यासानं भागलं की एफचा आकडा मिळतो. ५० मिलिमीटरची लेन्स एफ १.८ ची असेल तर तिचं छिद्र साधारण २८ मिलिमीटरचं. आत येणारा प्रकाश व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून एफ २.८ पेक्षा एफ १.४ ला चौपट प्रकाश मिळतो. कॅमेऱ्याबरोबर येणारी १८-५५ ची किट लेन्स ५५ वर नेली की एफ ५.६ वर येते. एफ १.८ च्या लेन्सच्या मानानं तिथे जेमतेम दहावा हिस्सा प्रकाश उरतो.

कार्यालयात याचा अर्थ काय होतो? संध्याकाळचा गोरज मुहूर्त आहे, वर ट्यूबलाइट आणि पिवळे एलईडी आहेत. अशा बेताच्या उजेडात आयएसओ १६०० आणि एफ २ ठेवलं तर शटर १/२५० मिळतं. त्याच जागी एफ ५.६ ची लेन्स असेल तर शटर १/३० वर घसरतं आणि हलणारा प्रत्येक हात पुसट होतो. १/२५० धरून ठेवायचं तर आयएसओ १२८०० करावा लागतो.

२००७ मध्ये आलेल्या निकॉन डी३ नंतर कॅमेऱ्यांची आयएसओची ताकद खूप वाढली. म्हणून मोठ्या छिद्राची गरज संपली, असं मात्र नाही. आयएसओ चढला की शालूची जर, केसांचा काळेपणा आणि त्वचेचा रंग यांतला बारकावा आधी जातो. शिवाय ऑटोफोकसलाही लेन्समधून येणाऱ्या उजेडावरच काम करावं लागतं. ‘स्टॅबिलायझेशन आहे ना’ असंही म्हटलं जातं. पण ते फक्त फोटोग्राफरच्या हाताची थरथर सावरतं, माळ घालणारी नवरी त्यानं स्थिर होत नाही.

अंतरपाटापाशी

वधूवर समोरासमोर उभे आहेत, मध्ये अंतरपाट आहे, मंगलाष्टकं संपत आली आहेत. फोटोग्राफर अगदी बाजूला उभा असेल तर दोन्ही चेहरे त्याच्यापासून सारख्याच अंतरावर येतात. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर ३५ ची लेन्स लावून दोन मीटरवरून साधारण दोन मीटर रुंदीची चौकट मिळते. ८५ ची लेन्स लावून पाच मीटरवर गेलं तरी चौकट जवळपास तेवढीच राहते. एफ १.८ ला दोन्हींमध्ये फोकसची खोलीही सारखीच, सुमारे ३५ सेंटिमीटर.

फरक पडतो तो आजूबाजूला. ३५ मध्ये नवरीच्या मागे उभा असलेला मामा, करवली, अक्षता टाकणारे हात असं सगळं घर दिसतं. ८५ मध्ये पार्श्वभूमी आक्रसते आणि दोनच चेहरे उरतात. पण त्या पाच मीटरांत सगळं गणगोत मोबाइल उंचावून उभं असतं. म्हणून व्यासपीठ मोकळं असेल तर ८५ आणि गर्दी दाटलेली असेल तर ३५. ३५ लावली तर जागा आधीच धरून ठेवावी आणि अंतरपाट सरेपर्यंत हलू नये.

नवरदेवाच्या खांद्यावरून नवरीचा फोटो घ्यायचा तर दोघांच्या अंतरात जवळजवळ मीटरभराचा फरक पडतो. तिथे छिद्र उघडं ठेवलं की एकच चेहरा स्पष्ट येणार, हे धरून चालावं. शटरचंही तसंच. १/१२५ ला पडणाऱ्या अक्षतांच्या रेघा होतात, १/५०० च्या पुढे दाणा दाण्यासारखा दिसू लागतो.

नथ स्पष्ट, डोळे धूसर

मोठ्या छिद्राची किंमत फोकसच्या खोलीत मोजावी लागते. ८५ एफ १.४ लेन्सनं दोन मीटरवरून चेहरा टिपला तर फोकसची एकूण खोली साडेचार सेंटिमीटरच्या आसपास असते. नथ डोळ्यांच्या पुढे असते, मुंडावळ्यांचे मोती हलत असतात. फोकस तिथे अडकला की नथ धारदार आणि डोळे धूसर. एवढ्या जवळून एफ २ ते २.८ वर यावं आणि फोकसचा ठिपका डोळ्यावरच ठेवावा.

स्टॅन्ली क्युब्रिकनं १९७५ च्या ‘बॅरी लिंडन’ चित्रपटात मेणबत्तीच्या उजेडातले प्रसंग झाइसच्या एफ ०.७ लेन्सनं चित्रित केले. ती लेन्स मुळात नासासाठी बनवली होती. फोकसची खोली इतकी पातळ होती की नटांना हालचाल बेतानंच करावी लागे. लग्नात कुणाला स्थिर बसवता येत नाही आणि बसवूही नये.

लाजाहोमात उजेड खालून येतो आणि मध्ये धूर असतो. फोकस धुराला फसतो, म्हणून वाऱ्याच्या उलट्या बाजूला बसावं. ज्वाळेवर मोजमाप सोडलं तर चेहरे काळवंडतात, चेहऱ्यावर मोजावं. वरातीत आणि व्यासपीठावर त्रास देतात ते लुकलुकणारे दिवे. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला शंभरदा कमीजास्त होतात आणि फोटोत पट्टे उमटतात. १/५० किंवा १/१०० शटर ठेवलं, नाहीतर कॅमेऱ्यातली अँटी-फ्लिकर सोय चालू केली की बहुतेक वेळा सुटका होते.

पैसे कुठे घालावेत

फुल फ्रेम बॉडी असेल तर ३५ आणि ८५ या एफ १.८ च्या दोन प्राइम लेन्स ही उत्तम सुरुवात आहे. क्रॉप सेन्सरवर दृश्य दीडपटीनं आवळतं, तिथे ३५ ही ५० सारखी आणि ५० ही ७५ सारखी वागते. म्हणून २४ च्या आसपासची एखादी लेन्स जोडीला हवी. ५० एफ १.८ सर्वांत स्वस्त पडते. कॅननची तर फक्त १६० ग्रॅमची आहे.

दोन बॉडी असतील आणि ऑर्डर मोठी असेल तर २४-७० एफ २.८ हवीच, लेन्स बदलताना क्षण निसटत नाही. ७०-२०० एफ २.८ एक किलोच्या वर जाते, पण व्यासपीठाजवळ फिरकू देत नाहीत तिथे तिला पर्याय नाही. आता मधला मार्गही आहे. सिग्मानं २०१३ मध्ये क्रॉप सेन्सरसाठी १८-३५ एफ १.८ आणि २०२४ मध्ये फुल फ्रेमसाठी २८-४५ एफ १.८ ही झूम लेन्स काढली. टॅमरॉनची ३५-१५० एफ २ ते २.८ अशी आहे. महागडी लेन्स विकत घेण्याआधी एखाद्या ऑर्डरसाठी भाड्यानं आणून बघावी.

फ्लॅशशी वैर धरू नये. आहेराच्या रांगेतल्या ग्रुप फोटोला एफ ५.६ आणि छताकडे वळवलेला फ्लॅश हेच योग्य, कारण मागच्या ओळीतली आजीही स्पष्ट यायला हवी. होमापुढे आणि अंतरपाटापाशी मात्र तो बंद ठेवावा.

यंदाच्या सराईत एकच लेन्स घेणं परवडणार असेल तर फुल फ्रेमवाल्यांनी ३५ एफ १.८ घ्यावी आणि क्रॉपवाल्यांनी तिच्या तोडीची २४ ची. आणि लग्नाच्या आधी एकदा, मुहूर्ताच्याच वेळेला कार्यालयात जाऊन दिवे लावायला सांगा, चार फोटो काढून बघा. कोणती लेन्स कुठे लावायची, हे तिथेच ठरवून या.