हजार रुपयांत हेडफोन घेताना : बेस नको, शब्द ऐका

वाढवण बंदराची जनसुनावणी जानेवारी २०२४ मध्ये पालघरला झाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने प्रकल्पाला मंजुरी दिली. बंदर हवे की नको, यावरची चर्चा अजून थांबलेली नाही. या सगळ्या काळात डहाणू-तलासरी पट्ट्यात मोबाइलवर कितीतरी बोलणे रेकॉर्ड झाले आहे. गावबैठका, सभा, मच्छीमारांचे आणि शेतकऱ्यांचे म्हणणे. ते ऐकून कागदावर उतरवायचे काम बहुतेक वेळा तरुण कार्यकर्त्यांकडेच येते. आम्हीही ते करतो. किनाऱ्यावरचा वारा, मागे चाललेले इंजिन आणि त्यात एखाद्या आजीचे वारली किंवा मांगेली वळणाचे बोलणे. ती ‘जमीन गेली’ म्हणाली की ‘जमीन दिली’? फरक एका अक्षराचा आहे, पण निवेदनाचा अर्थ पार उलटा होतो.

म्हणून हेडफोनबद्दल लिहायचे ठरवले. आपल्याकडे ही चैनीची वस्तू समजली जाते. खरे तर अभ्यासिकेत बसून स्पर्धा परीक्षेची व्याख्याने ऐकणाऱ्या मुलामुलींसाठी ती वही-पेनाइतकी गरजेची आहे. धम्मातही प्रज्ञेची पहिली पायरी सुतमय, म्हणजे ऐकून मिळालेली, मानली आहे.

बाजारात पाचशे ते हजार रुपयांत जे मिळते, त्याच्या खोक्यावर बहुधा मोठ्या अक्षरांत ‘बेस’ लिहिलेले असते. बेस म्हणजे साधारण २५० हर्ट्झच्या खालचा, ढोल आणि डीजेचा आवाज. माणसाच्या बोलण्यात शब्द ओळखू येतात ते मुख्यतः व्यंजनांमुळे, आणि त, क, स, श यांसारख्या व्यंजनांचा जोर साधारण दोन हजार ते आठ हजार हर्ट्झमध्ये असतो. खालचा आवाज फार फुगवला की तो वरच्या नाजूक आवाजाला झाकतो. मग माणूस शब्द कळावा म्हणून आवाज वाढवतो, त्यासोबत बेसही वाढतो, आणि तासाभरात डोके जड होते. खोक्यावरचा ‘२० ते २०,००० हर्ट्झ’ हा आकडा यात काही मदत करत नाही. तो जवळपास प्रत्येक खोक्यावर असतो आणि कोणता आवाज किती मोठा येतो हे त्यावरून कळत नाही.

त्यापेक्षा दुकानात आपल्या फोनवर आपलेच तीन नमुने घेऊन जा. पहिला, बाबासाहेबांची बीबीसीला दिलेली १९५३ ची मुलाखत. जुने रेकॉर्डिंग आहे, आवाज मर्यादित पट्ट्यातला आहे. प्रत्येक इंग्रजी शब्द वेगळा ऐकू येतो का पाहा. दुसरा, पाली वंदना. पालीत ‘स्स’ वारंवार येतो. तो कानाला टोचत असेल तर हेडफोन तिखट आहे, आणि विरघळून जात असेल तर बोथट. तिसरा, प्रल्हाद शिंदे यांचे एखादे भीमगीत. ढोलकी जोरात असतानाही गायकाचे शब्द पुढे राहिले पाहिजेत. तिन्ही वेळा आवाज निम्म्यावरच ठेवा, कारण मोठ्या आवाजात कोणताही हेडफोन दोन मिनिटे बरा वाटतो. ऑनलाइन मागवणार असाल तर परत करण्याची मुदत आधी वाचा. कानात घालायच्या वस्तू काही विक्रेते परत घेत नाहीत.

या बजेटमध्ये आमचे मत वायरवाल्या हेडफोनच्या बाजूने आहे. बिनवायरच्या इअरबड्समध्ये त्याच पैशांत बॅटरी, ब्लूटूथची चिप आणि चार्जिंगची डबीही बसवावी लागते, त्यामुळे आवाजाच्या भागावर कमी खर्च होतो. शिवाय बॅटरी दोन-तीन वर्षांत दम तोडते आणि ती बदलून मिळणे कठीण. वायर तुटली तर मोबाइल दुरुस्तीवाला बऱ्याचदा डाग देऊन जोडून देतो. घेण्याआधी फोनला गोल पिनची जागा आहे की फक्त टाइप-सी, हे तपासा. ऑनलाइन मुलाखत द्यायची असेल तर माइक हवा. गोल पिनवर तीन रेषा असतील तर माइकची सोय असते, दोनच असतील तर नसते. इम्पीडन्स १६ ते ३२ ओहमच्या आसपास असला की साध्या फोनवर पुरेसा आवाज मिळतो.

आता आराम, ज्याकडे सगळ्यांत कमी लक्ष दिले जाते. डहाणूची हवा दमट. पूर्ण कान झाकणारे, नकली चामड्याच्या गाद्यांचे हेडफोन इथे घामाने चिकटतात आणि हळूहळू त्यांचे पापुद्रे सुटतात. कापडी किंवा फोमची गादी बरी. चष्मा असेल तर तो घालूनच हेडफोन लावून पाहा, कारण काडीवर दाब येऊन अर्ध्या तासात कानामागे दुखते. कानाच्या आत बसणारा इअरफोन घेतलात तर सोबतच्या तिन्ही मापांच्या रबरी टिप लावून बघा. माप सैल असले की बेस गायब होतो, बाहेरचा गोंगाट आत येतो आणि लोक म्हणतात इअरफोन खराब आहे. दोन कानांना दोन वेगळी मापे लागली तरी त्यात नवल नाही.

डहाणू रोड–विरार लोकलमध्ये किंवा तलासरीच्या महामार्गालगत गोंगाट इतका असतो की आवाज नकळत वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबलपर्यंतचे ऐकणे सुरक्षित आहे. ९० डेसिबलला हीच मर्यादा आठवड्याला ४ तासांवर येते. परीक्षेची तयारी करणारा मुलगा रोज पाच-सहा तास ऐकतो, तेव्हा हा हिशेब त्याच्यासाठीच आहे. कानाच्या आतल्या ज्या सूक्ष्म पेशी मरतात त्या पुन्हा उगवत नाहीत. गाडीत घट्ट बसणारी टिप वापरली तर आवाज न वाढवताही ऐकू येते. मात्र रस्ता किंवा रेल्वे रूळ ओलांडताना दोन्ही कान मोकळे हवेत. ऐकल्यानंतर कानात शिट्टीसारखा आवाज राहत असेल तर काही दिवस थांबा, आणि तो गेला नाही तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.

विहारातल्या अभ्यासिकेसाठी वर्गणी काढून सामाईक हेडफोन घेणार असाल तर कानावर बसणारेच घ्या. कानाच्या आतले इअरफोन एकमेकांचे वापरू नयेत, त्यातून कानाचा संसर्ग पसरू शकतो. ज्याचे त्याने आपल्या टिप काढून साबणाच्या पाण्यात धुवाव्यात आणि पूर्ण वाळल्यावरच परत बसवाव्यात. वायर फोनभोवती आवळून गुंडाळली की ती पिनजवळच तुटते, म्हणून सैल वेटोळे करून ठेवा. आणि बिलाचा फोटो त्याच दिवशी गटावर टाका, वॉरंटीच्या वेळी कागद सापडत नाही.