एकच सूर, पंधरा मिनिटं

तुमच्यापैकी कोणी शाळेच्या बँडमध्ये फ्लूट किंवा क्लॅरिनेट वाजवत असेल, कोणी शनिवारी सकाळी झूमवर बासरी शिकत असेल. खासगी शिकवणी लावली की अनेकांची तक्रार सारखीच असते: ‘सर नुसता एक सूर धरून ठेवायला सांगतात. गाणं कधी शिकवणार?’ शिकवणी सोडायचा विचार करत असाल, तर त्याआधी हा सूर कशासाठी असतो ते समजून घेऊ.

आधी शिक्षकाची अडचण बघा. पियानो शिकवणाऱ्याला विद्यार्थ्याची बोटं दिसतात, व्हायोलिन शिकवणाऱ्याला गज दिसतो. फुंकून वाजवायच्या वाद्यात मात्र बरंचसं काम ओठांच्या मागे चालतं. जीभ कुठे आहे, घसा आवळलाय का, हवेला पोटातून आधार मिळतोय का, यातलं फारसं काही बाहेरून दिसत नाही. शिक्षकाच्या हाती पुरावा एकच, तो म्हणजे आवाज. भराभर वाजवलेल्या गाण्यात दोष लपून जातात. दहा सेकंद धरलेल्या सुरात ते लपत नाहीत.

आता थोडं भौतिकशास्त्र. फ्लूट आणि बासरीत ओठांतून निघालेली हवेची पातळ धार भोकाच्या पलीकडच्या कडेवर आदळते. धारेचा वेग वाढला की सूर थोडा चढतो, आणखी वाढला की थेट वरच्या सप्तकात उडी मारतो. म्हणजे आवाज मोठा करायला नुसतं जोरात फुंकलं तर सूर चढणार, हळू फुंकलं तर उतरणार. क्लॅरिनेटमध्ये साधारण उलटं होतं: मोठ्या आवाजात सूर उतरायला बघतो. म्हणून ‘आवाज हळूहळू वाढव, मग कमी कर, पण सूर हलू देऊ नकोस’ हा व्यायाम दोघांनाही देतात, आणि प्रत्येकाचे ओठ त्यातून वेगळी गोष्ट शिकतात. याला नुसती दमसास वाढवण्याची कसरत समजू नका.

पण ओठांना शिकवायचं कसं? ‘ओठ इतके मिलिमीटर आवळ’ ही सूचना कोणालाच पाळता येत नाही, आणि ओठ, दात, जबडा प्रत्येकाचा निराळा. म्हणून चांगला शिक्षक आधी कान तयार करतो. फ्रेंच फ्लूटवादक मार्सेल मोइझ यांचं ‘द ला सोनोरिते’ हे १९३४ चं व्यायामांचं पुस्तक आजही वापरात आहे. त्यातला पहिला व्यायाम मधल्या सप्तकातल्या ‘बी’पासून सुरू होतो आणि अर्ध्या-अर्ध्या सुराने सावकाश खाली सरकतो. तत्त्व सोपं आहे: जो सूर चांगला लागतो, त्याचा गोडवा शेजारच्या सुरात न्यायचा. ओठ कसे हलवायचे ते कानाच्या मागोमाग येतं.

याचंच टोकाचं उदाहरण मुंबईत सापडतं. अन्नपूर्णादेवी सुरबहार वाजवायच्या, तरी हरिप्रसाद चौरसिया त्यांच्याकडे बासरी शिकले. तेव्हा ते सिनेसंगीतात स्थिरावलेले वादक होते. तरीही त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली, आणि उजवीकडे धरायची बासरी डावीकडे धरायला लागले. गुरू गाऊन दाखवायच्या, शिष्याने ते बासरीतून काढायचं. बासरी न वाजवणारी गुरू बासरी शिकवू शकते, कारण या वाद्यात शेवटी कानच बोटाला शिकवतो. बासरीवर शुद्ध मध्यम वाजवायचा तर वरचं भोक अर्धं उघडावं लागतं. ते ‘अर्धं’ नेमकं किती, हे कोणी मोजून सांगू शकत नाही. कणसूर ऐकू आला, तरच बोट सरकतं.

परदेशात शिकताना दोन गोष्टी सांभाळा. झूमचं सॉफ्टवेअर लांब, स्थिर सुराला पंख्याची घरघर समजून दाबून टाकू शकतं. मग शिक्षकाकडचा एकमेव पुरावाच नाहीसा होतो. म्हणून सेटिंगमध्ये ‘ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स’ सुरू करा. दुसरं म्हणजे, गार वाद्य उतरलेलं वाजतं. हिवाळ्यात आधी उबदार फुंकर घालून ते तापवा, मग सुराचा न्याय करा.

आणि पुढच्या तासाला शिक्षकांना एक प्रश्न नक्की विचारा: ‘माझ्या सुरात आत्ता तुम्हाला काय ऐकू आलं?’ ‘शेवटी उतरला’, ‘सुरुवातीला जीभ जोरात लागली’ असं नेमकं उत्तर आलं, तर ती पंधरा मिनिटं सत्कारणी लागताहेत. दरवेळी नुसतं ‘अजून कर’ एवढंच ऐकायला मिळत असेल, तर तुमच्या कंटाळ्यात तुमचा दोष नाही. मग खुशाल दुसरा शिक्षक शोधा, पण वाद्य सोडू नका.