पाय वाचला म्हणजे काय?

कामगार संघटनेत आयुष्य घालविल्यामुळे आम्हांला एक खोड जडली आहे. कोणी आकडा सांगितला की तो कोणत्या मापाने मोजला, हे आम्ही आधी विचारतो. हाच प्रश्न आज वैद्यकाच्या एका कोपऱ्यात विचारावयाचा आहे.

हातापायाचा रक्तपुरवठा एकाएकी तुटणे, हा तो विकार. हृदयाचे ठोके अनियमित पडू लागले की तेथे रक्ताची गुठळी जमते व ती वाहत जाऊन पायाच्या रोहिणीत अडकते. किंवा आधीच अरुंद झालेल्या रोहिणीतच रक्त गोठते. पाय दुखू लागतो, पांढरा व थंड पडतो, त्याची नाडी लागत नाही. मग तो बधिर होतो व हलेनासा होतो. हाताशी वेळ असतो तो काही तासांचा. शेक देत रात्र काढणारा पाय गमावतो.

यावर उपाय मुख्यतः दोन. एक शस्त्रक्रियेचा : टोकाला फुगा असलेली बारीक नळी घालून गुठळी ओढून काढणे. ही नळी अमेरिकन शल्यवैद्य फोगार्टी यांनी १९६३ साली पुढे आणली. दुसरा, गुठळी विरघळविणारे औषध नळीने थेट तिच्यापाशी सोडणे. यात रक्तस्रावाचा धोका असतो.

दोहोंत सरस कोणता? अमेरिकेतील रॉचेस्टरच्या चाचणीत (१९९४) ११४ रोगी होते, दुखणे सात दिवसांच्या आतले. वर्षाअखेर पाय वाचण्याचे प्रमाण दोन्हीकडे सारखेच, शेकडा ८२. पण जिवंत राहिले औषधाच्या गटात ८४, शस्त्रक्रियेच्या गटात ५८. ‘स्टाइल’ चाचणीने (१९९४) सहा महिन्यांपर्यंतची दुखणी घेतली आणि मृत्यू, पाय कापणे, रक्त पुन्हा अडणे व मोठे उपद्रव हे सारे एकाच गाठोड्यात बांधले. ‘टोपास’ने (१९९८) ५४४ रोगी घेतले, चौदा दिवसांच्या आतले, आणि मोजले ते सहा महिन्यांनी पाय न कापता कितीजण जिवंत आहेत हे. उत्तर : औषधाने शेकडा ७१.८, शस्त्रक्रियेने ७४.८. एकाने शेरात मोजावे, दुसऱ्याने गजात, तर बेरीज कशाची करावयाची?

आणखी एक गोष्ट यात निसटते. आमच्या एका सोबत्याचा पाय असाच वाचला. कागदावर तो यशस्वी रोग्यांत जमा. पण आठ तास यंत्रापुढे उभे राहणे त्याला पुन्हा जमले नाही. काम गेले, मुलाची शाळा सुटली. हे कोणत्या रकान्यात लिहावयाचे?

म्हणून एका विकारावरील प्रत्येक संशोधनात निदान काही ठराविक गोष्टी, ठराविक मुदतीला, एकाच व्याख्येने मोजाव्यात, असा विचार रुजला आहे. अधिक मोजण्यास मनाई नाही. मात्र त्याहून कमी चालणार नाही. आमच्या भाषेत, हे किमान वेतनासारखे आहे. अशा याद्यांच्या कामाला एकत्र आणण्यासाठी २०१० साली ‘कॉमेट’ हा उपक्रम सुरू झाला.

यादी ठरविणार कोण, हा खरा प्रश्न. संधिवाताच्या तज्ज्ञांनी १९९२ पासून अशी मापे ठरविण्यास आरंभ केला. २००२ साली त्यांनी रोग्यांना बैठकीत बसविले, तेव्हा रोगी म्हणाले, ‘आमचा थकवा तुम्ही मोजतच नाही.’ पुढे थकव्यालाही मापांत जागा मिळाली.

वाटाघाटीच्या मेजावर ज्याची खुर्ची नसते त्याचे दुःख करारात येत नाही, हे आम्ही कारखान्यात शिकलो. दवाखान्यातही तेच खरे आहे. ‘पाय वाचला’ असे डॉक्टर म्हणतील तेव्हा, ‘त्यावर उभे राहता येते का?’ हे विचारण्याचा हक्क त्या पायाच्या धन्याचा आहे.