‘कोणीतरी बघेल’ म्हणजे नेमकं कोण?

मामेबहिणीचं लग्न लोणावळ्याजवळच्या एका रिसॉर्टवर होतं. संगीताच्या रात्री नवऱ्यानं विचारलं, “पिल्लू कुणाकडे आहे?” मी म्हटलं, आईकडे. आई म्हणाली, “अगं, आत्ता तर मावशीनं घेतली.” मावशीनं ती एका करवलीकडे दिली होती आणि करवली स्टेजवर नाचत होती. पाच-सात मिनिटांनी दीड वर्षाची आमची लेक केटररच्या मागच्या दारापाशी सापडली, हातात चमचा घेऊन. तिला काहीही झालेलं नव्हतं. पण दारापलीकडे दहा-पंधरा पावलांवर स्विमिंग पूल होता, आणि दार उघडं होतं.

“लग्नात इतकी माणसं असतात, कोणीतरी बघतंच की!” हा समज मला सगळ्यात धोक्याचा वाटतो, कारण तो प्रेमातून आलेला आहे. मूल सगळ्यांचं असतं हे खरंच आहे. म्हणूनच प्रत्येकाला वाटतं की आत्ता ते दुसऱ्या कुणाच्या तरी कडेवर असणार. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार बुडून मृत्यू होण्याचं प्रमाण सर्वाधिक आहे ते एक ते चार वर्षांच्या मुलांत. एवढं लहान मूल बुडताना ओरडत नाही, हातपाय आपटून कुणाचं लक्षही वेधून घेत नाही. वीतभर पाणीसुद्धा त्याला पुरतं. त्यामुळे मुलाजवळ माणसं किती आहेत यापेक्षा या क्षणी जबाबदारी कुणाची आहे, हे ठरलेलं असायला हवं. साडेसात ते नऊ बाबा, नऊपासून पुढे सांभाळणाऱ्या मावशी, असं तासांवर नाव ठरवायचं. मूल दुसऱ्याच्या हाती देताना “आता तुझ्याकडे हं” असं तोंडानं म्हणायचं आणि समोरून “हो” ऐकल्याशिवाय हलायचं नाही.

“आजी आहेत ना!” हेही असंच. वर्षभर ज्या लग्नाची वाट पाहिली, त्या संध्याकाळी आजीनं पैठणी नेसून खोलीत बसून राहायचं? तिला आवडत असेल तर जरूर विचारा. पण विचारा, गृहीत धरू नका. नवरीची किंवा नवऱ्याची आजी असेल तर तिचं त्या रात्रीचं स्थान मांडवातच आहे.

मग आपण हॉटेलकडे वळतो. “एवढं मोठं हॉटेल, बेबीसिटर असणारच.” मोठ्या हॉटेलांत तशी सोय बऱ्याचदा होते, पण मागितल्यावर, तासाच्या दरानं, आणि निदान एक दिवस आधी सांगितलं तर. येणारी व्यक्ती पुष्कळदा हाउसकीपिंगमधली असते. मायाळू असू शकते, पण लहान मुलं सांभाळण्याचं शिक्षण घेतलेली असेलच असं नाही. लग्नसराईत एकाच संध्याकाळी चार कुटुंबं तीच मागणी करतात. किड्स क्लबचा भरवसाही धरू नये. साधारण चार वर्षांखालचं मूल ते पालकांशिवाय ठेवून घेत नाहीत, आणि रिसेप्शन ऐन रंगात येण्याच्या वेळेला क्लब बंद झालेला असतो. कोणी म्हणतं, पाळणाघराचा कायदाच आहे. २०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात सुधारणा झाली आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक झालं, हे खरं. ती सोय तिथं काम करणाऱ्यांच्या मुलांसाठी आहे, पाहुण्यांच्या नाही.

माझ्या मते सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे घरी रोज सांभाळणाऱ्या मावशींनाच सोबत नेणं. मात्र त्या आल्या की काम झालं, असं होत नाही. यजमानांना आधीच सांगून त्यांचं ताट आणि झोपायची जागा मोजून घ्यायला हवी. रात्रीच्या जादा तासांचे पैसे निघण्याआधीच ठरवावेत. खोलीचं एक कार्ड त्यांच्याकडे हवं, कारण बऱ्याच हॉटेलांत त्याशिवाय लिफ्टही चालत नाही. आणि त्यांचं जेवण आपल्या आधी व्हावं. सगळी पंगत उठेपर्यंत उपाशी बसवलेल्या बाईकडून मुलाला वेळेवर भरवण्याची अपेक्षा करण्याचा आपल्याला हक्क नाही.

आता दबक्या आवाजात मिळणारा एक सल्ला. “थोडं सर्दीचं औषध पाज, सकाळपर्यंत उठणार नाही.” एके काळी मुंबईत गिरणीत जाणाऱ्या बाया तान्ह्यांना अफूची बाळागोळी देत, त्यांना गिरणीतली पाळी चुकवण्याची सोय नव्हती. आपल्याला तशी कुठलीच सबब नाही. क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिन यांच्या मिश्रणाचं सर्दीचं औषध चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असं देशाच्या औषध नियंत्रकांनी २०२३ मध्ये स्पष्ट केलं. २०२५ मध्ये मध्य प्रदेशात छिंदवाड्यात खोकल्याच्या दूषित औषधानं मुलं दगावली, त्यानंतर केंद्रीय आरोग्य खात्याची सूचना आली: दोन वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीची औषधं देऊच नयेत, पाच वर्षांखाली ती साधारणपणे टाळावीत. झोप लागावी म्हणून औषध देणं हा डोस चुकण्याचा नव्हे, जिवाचा प्रश्न आहे.

“दुपारी झोपू दिलं नाही की रात्री लवकर झोपेल” हे मात्र निव्वळ चुकीचं गणित. दमलेलं मूल चिडतं आणि झोपेशी भांडतं. एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसाची धरून ११ ते १४ तास झोप लागते. लग्नाच्या दिवशी दुपारची झोप आणखी जपायला हवी.

आवाजाबद्दलही असंच बोललं जातं, “लहान मुलं कशातही झोपतात.” झोपतील, पण कान झोपत नाहीत. मुलांसाठी ७५ डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत चालतो, असा जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब आहे. दर तीन डेसिबलला ही वेळ निम्मी होते. म्हणजे ९० डेसिबलला सगळ्या आठवड्याचा वाटा सव्वा तासात संपतो, आणि डीजेचा आवाज त्याहून सहज वर जातो. रात्री दहाला तो बंद होईल यावरही विसंबू नका. रात्री दहाचा नियम मोकळ्या लॉनसाठी आहे; बंदिस्त बँक्वेट हॉलला त्यातून सूट आहे. खोली घेतानाच हॉलच्या डोक्यावरची नको, दुसऱ्या टोकाची द्या, असं सांगावं.

मुलाला खोलीत एकटं झोपवून, फोन व्हिडिओ कॉलवर ठेवून खाली जाण्याचा बेत करूच नये. तळघरातल्या हॉलमध्ये रेंज जाते, ढोलाच्या आवाजात रडणं ऐकू येत नाही, आणि खोलीचं दार बाहेर पडलेल्या मुलाच्या मागे आपोआप बंद होतं.

राहिलं गुपचूप सटकणं. आईपासून दूर होण्याची भीती दहा ते अठरा महिन्यांत सगळ्यात तीव्र असते. आई न सांगता नाहीशी झाली, तर पुढच्या वेळी मूल तिला जास्तच घट्ट धरतं. सांगून, हात हलवून निघावं, थोडं रडू द्यावं.

पुढच्या लग्नाला, नाशिकला, आम्ही मावशींना दुपारीच पोचवलं. लेकीची ओळखीची चादर आणि दुधाचा पेला सोबत होता. आठ वाजता मी “येते हं” म्हणून निघाले. ती रडली. मी लिफ्टपाशी थांबून राहिले, तोवर रडणं थांबलं. अकराला परतले तेव्हा मावशी खुर्चीत जाग्या होत्या आणि टेबलावर हॉटेलच्या कागदावर त्यांच्या अक्षरात लिहिलं होतं: साडेआठ दूध. नऊ झोपली. दहाला उठली, पाणी प्यायली, पुन्हा झोपली.