कैद्याने स्वतःविषयी काय लिहावे?

जन्मठेपेच्या कैद्याला मुदतीआधी सोडताना काय पाहावे, हे सर्वोच्च न्यायालयाने लक्ष्मण नस्कर खटल्यात २००० साली सांगितले. तो पुन्हा गुन्हा करील का? त्याची गुन्हा करण्याची क्षमता संपली आहे का? त्याला आणखी डांबून काही साधेल का? घरची परिस्थिती कशी आहे? तुरुंगाच्या दप्तरात याची उत्तरे अर्धीमुर्धीच सापडतात. शिक्षेतली सूट, शिस्तभंग, केलेले काम, पॅरोलवरून परतल्याची तारीख. मन पालटले, याला रकाना नसतो.

म्हणून कैद्याने स्वतः लिहायचे. पण 'मला पश्चात्ताप झाला आहे' हे वाक्य कोणीही कोणाकडूनही लिहून घेतो. उपयोगी नोंद वेगळी असते: कोणाचे काय नुकसान केले, आत काय शिकलो, बाहेर राहणार कुठे, काम कोण देणार. शेवटचे दोन प्रश्न कागदावर सुटत नाहीत. देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेचा 'प्रयास' प्रकल्प १९९० पासून कैद्यांसोबत आणि सुटलेल्यांसोबत काम करतो, तो त्यासाठीच.

घाटकोपरचे लक्ष्मण गोळे (हा योगायोगाने दुसरा लक्ष्मण) खंडणीच्या गुन्ह्यांत तुरुंगात होते. तिथे गांधीजींची आत्मकथा वाचून त्यांनी न्यायालयाला पत्र लिहिले आणि गुन्हे कबूल केले. कबुलीने शिक्षा टळत नाही, पक्की होते. मला ते पत्र खरे वाटते ते यामुळेच. सुटल्यावर मुंबई सर्वोदय मंडळातर्फे गोळे पुन्हा तुरुंगांत जाऊ लागले, कैद्यांशी बोलायला.