अखाजीनंतरचा एक दिवस पाण्यावर

अखाजी झाली की खानदेशातल्या शेतकऱ्याच्या घराला चार दिवस उसंत मिळते. गहू-हरभरा घरात आलेला असतो, वावर नांगरून पडलेले असते आणि पूर्वहंगामी कपाशीला अजून थोडा अवधी असतो. लेकी माहेरी आलेल्या असतात, त्यांच्याबरोबर भाचेमंडळी असतात आणि बाहेर पारा ४५ अंशांच्या पुढे गेलेला असतो. अशा वेळी मुलांचा एकच हट्ट चालतो: "मामा, नदीवर चला."

या हट्टाला घरची वडीलधारी माणसे बहुधा दोन उत्तरे देतात. एक तर साफ नाही म्हणतात, किंवा "जा, पण लवकर या" असे म्हणून मोकळी होतात. नाही म्हटले की मुले चोरून जातात, आणि जा म्हटले की एकटी जातात. दर उन्हाळ्यात गावोगावी बुडण्याच्या ज्या बातम्या ऐकू येतात, त्यांत अशी एकटी गेलेली मुले फार असतात. म्हणून या लेखात तिसरे उत्तर सुचवावयाचे आहे. घरच्या मोठ्या माणसांनी आखलेला, सगळ्यांनी मिळून नदीवर काढलेला एक दिवस. खर्च जवळजवळ नाही. तयारी मात्र हवी, आणि ती आदल्या दिवशी सुरू व्हावी.

पाणी कुठे आहे?

उन्हाळ्यात आपल्या बहुतेक नद्या नावापुरत्याच वाहतात. अमळनेरला वैशाखात सखाराम महाराजांची यात्रा बोरी नदीच्या पात्रातच भरते, यावरून काय ते समजावे. तेव्हा पाणी असते ते जिथे अडवलेले आहे किंवा वरून सोडलेले आहे तिथे.

तापी ही आपली मोठी नदी. मध्य प्रदेशात मुलताईजवळ उगम पावून ७२४ किलोमीटर वाहत ती सुरतेजवळ समुद्राला मिळते. चांगदेव येथे तिला पूर्णा मिळते. त्याच्या खालच्या अंगाला ४१ दरवाजांचे हतनूर धरण असल्याने तेथील साठ्याची फुग संगमापर्यंत येते. म्हणून चांगदेव-मेहुणकडे ऐन उन्हाळ्यातही पाणी दिसते. देवदर्शन, जुने हेमाडपंती देऊळ आणि संगम असा तिहेरी लाभ तेथे होतो. मात्र हे धरणाचे पाणी आहे. ते खोल आहे आणि वरून शांत दिसते. तेथे पाण्यात उतरण्यापेक्षा नावेतून फिरावे हे बरे, आणि तेही अंगात तरंगते जॅकेट असेल तरच. नावाड्याकडे ते नसेल तर काठावर बसून भाकरी खावी आणि घरी यावे.

धुळे जिल्ह्यात पांझरेवर फड बागायतीचे जुने बंधारे आहेत. शेतकऱ्यांनी स्वतः पाणी वाटून घ्यायची, पाटकरी, जागल्या, हवालदार नेमायची ही पद्धत शेकडो वर्षांची आहे. अशा लहान बंधाऱ्यांमागे कधी गुडघाभर, कधी कमरेइतके पाणी उरते, आणि मुलांसाठी तेच योग्य. पण ते पाणी कुणाच्या तरी पिकाचे आहे हे विसरू नये. बंधाऱ्याच्या फळ्या हलवू नयेत, तेथे साबण लावू नये, आणि उतरण्यापूर्वी त्या शेतकऱ्यांना विचारावे.

सातपुड्याच्या बाजूला राहणाऱ्यांना पालजवळची सुकी, चोपडा-शिरपूरकडची अनेर या नद्या जवळच्या. तेथे खडकांतले डोह सुंदर असतात. पण वनखात्याच्या हद्दीत आधी परवानगी घ्यावी लागते, आणि खडकातल्या डोहाचा काठ एका पावलात पुरुषभर खोल होऊ शकतो.

शहराच्या खालच्या अंगाला मात्र कुठेही उतरू नये. तेथे गटारांचे पाणी नदीत मिसळलेले असते. नेहमी गावाच्या वरच्या अंगाची जागा पाहावी.

आजोबांची नदी आणि यंदाची नदी

घरातले आजोबा म्हणतील, "त्या जागी तर आम्ही लहानपणापासून डुंबत आलो." त्यांचे खरे आहे. पण ती नदी आता राहिलेली नाही. गिरणा, तापी, पांझरा यांच्या पात्रांतून वाळू उपसली गेली आहे. जिथे घोट्याएवढ्या पाण्याखाली सपाट वाळू होती, तिथे आज दहा-दहा फुटांचे खड्डे असू शकतात. पाणी आले की खड्डा वरून दिसत नाही. त्याचे काठ उभे आणि भुसभुशीत असतात, त्यामुळे पाय घसरला की वर चढायला धरण्यासारखे काही हाती लागत नाही. चांगला पोहणारासुद्धा अशा जागी घाबरून जातो.

म्हणून गेल्या वर्षीची ओळख यंदा धरू नये. आदल्या दिवशी सकाळी घरातल्या दोन पोहणाऱ्या माणसांनी जागेवर जावे. एकाने काठावर दोर धरून उभे राहावे. दुसऱ्याने कमरेला दोर बांधून, हातात लांब बांबू घेऊन, प्रत्येक पावलाआधी तळ चाचपत पात्र आडवे-उभे तपासावे. जेवढा भाग छातीच्या खाली आणि सपाट सापडेल, तेवढ्याच्या कडांना काठ्या रोवून त्यांना रंगीत चिंध्या बांधाव्यात. दुसऱ्या दिवशी मुलांना एकच नियम सांगावा: काठीच्या पलीकडे जायचे नाही. काच, खिळे, जाळ्यांचे तुकडे, बाभळीचे काटे हेही त्याच वेळी वेचून काढावेत.

त्या जागी मासे धरणारे भोई बांधव असतील तर त्यांच्याशी बोलावे. कुठे भोवरा आहे, कुठे गाळ आहे, मगर कुणाला दिसली आहे का, हे त्यांच्याइतके कुणालाच ठाऊक नसते. त्यांनी नको म्हटलेली जागा सोडून द्यावी.

वरून पाणी सुटणार आहे का?

हा प्रश्न विचारायचा राहून जातो. गिरणा धरण नांदगाव तालुक्यात आहे. त्यातून उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्यासाठी नदीत आवर्तन सोडले जाते, आणि ते चाळीसगाव, भडगाव, पाचोरा करीत खाली येते. पांझरेवर साक्री तालुक्यात अक्कलपाडा धरण आहे, तेथूनही असेच पाणी सुटते. सकाळी कोरडे असलेले पात्र दुपारी वाहू लागते. तुमच्या गावावर आभाळ स्वच्छ असते, त्यामुळे संशयही येत नाही.

निघण्यापूर्वी पाटबंधारे खात्याच्या शाखेत, पाटकऱ्याकडे किंवा पोलीस पाटलांकडे चौकशी करावी. आवर्तन सुरू असेल किंवा दोन-तीन दिवसांत यायचे असेल तर बेत पुढे ढकलावा. जागेवर पोचल्यावर पाण्याच्या कडेला एक काडी रोवून ठेवावी. ती पाण्यात जाऊ लागली, पाणी गढूळ झाले किंवा काडीकचरा वाहत येऊ लागला, की सगळ्यांना बाहेर बोलवावे. सामान मागे राहिले तरी चालेल. सातपुड्याच्या नाल्यांत तर वर डोंगरात वळीव कोसळला की पाणी पाहता पाहता चढते. आकाशात गडगडले तरी पाण्यातून बाहेर पडावे, आणि एकट्या झाडाखाली उभे राहू नये.

बंधाऱ्याच्या भिंतीवरून उड्या मारू देऊ नयेत. भिंतीवर शेवाळ असते, आणि खाली पाण्याच्या माऱ्याने खड्डा पडलेला असतो किंवा दगड उघडे पडलेले असतात.

तरंगण्याची साधने

आता मौजेची गोष्ट. ज्याच्या घरी केळीची बाग आहे त्याला तराफा विकत घ्यावा लागत नाही. घड कापून झालेल्या झाडांची ६ ते ७ फूट लांबीची सरळ, ताजी अशी ५ खोडे घ्यावीत. केळीच्या खोडात हवेचे कप्पे असतात, म्हणून ते तरंगते. खोडे शेजारी शेजारी मांडून दोन ठिकाणी टोकदार केलेले बांबू आडवे आरपार ठोकावेत, आणि दोन्ही टोकांना दोराने आवळून बांधावे. बांबूची बाहेर आलेली टोके बोथट करून त्यांना चिंधी गुंडाळावी. असा तराफा एक मोठे माणूस किंवा दोन लहान मुले पेलतो. आधी गुडघाभर पाण्यात बसून पाहावे. फार बुडू लागला तर एक जण कमी करावा. ढकलायला बांबू आणि वल्हवायला फळी पुरते. लांब दोर बांधून त्याचे टोक काठावरच्या माणसाच्या हाती द्यावे. दोन-तीन दिवसांत खोडे पाणी पिऊन जड होतात, म्हणून हा तराफा एका दिवसाचाच. संध्याकाळी तो नदीत टाकून न देता परत आणून खताच्या खड्ड्यात टाकावा. आणि गृहिणींनी हे ध्यानात ठेवावे की केळीच्या चिकाचे डाग कपड्यांवरून निघत नाहीत. त्या दिवशी जुनेच कपडे घालावेत.

ट्रॅक्टरची ट्यूब मुलांना फार आवडते. तिचा वॉल्व्ह अंगाला लागतो, त्यावर जाड कापड बांधावे. हवा थोडी कमीच भरावी, कारण उन्हात ती फुगते आणि ट्यूब फुटू शकते. लहान मूल मधल्या भोकातून अलगद खाली निसटते, म्हणून पाच-सहा वर्षांच्या मुलाला ट्यूबमध्ये एकटे ठेवू नये. साठलेल्या पाण्यात प्रवाह नसला तरी वारा ट्यूब खोल पाण्याकडे नेतो. तिलाही दोर हवाच.

पूर्वी पोहायला शिकणाऱ्याच्या पाठीला सुका भोपळा किंवा रिकामा पत्र्याचा डबा बांधीत. अशा बांधलेल्या तरंगत्या साधनाला सांगड म्हणत. भोपळा, डबा, ट्यूब, तराफा ही सारी शिकण्याची आणि खेळण्याची साधने झाली. जीव राखण्यासाठी तरंगते जॅकेट वेगळे. ते मिळाले तर अंगाला घट्ट बसणारे घ्यावे. खांद्याला धरून वर ओढल्यावर हनुवटीवर चढले तर ते त्या मुलाला मोठे आहे.

दिवस कसा घालवावा

पहाटे भाकरी-ठेचा, कांदा, कैरीचे पन्हे, ताक आणि दोन मोठ्या कळश्या पाणी घेऊन निघावे. नदीचे पाणी पिऊ नये. सहा वाजता काठावर पोचले तर चार तास मनसोक्त मिळतात. दहाला पाण्यातून बाहेर यावे आणि आमराईत किंवा देवळाच्या ओवरीत सावली धरावी. अकरानंतर वाळूवर पाय ठेवता येत नाही. पाण्यात असल्यावर ऊन लागत नाही असे वाटते, पण ते लागतच असते. डोकीला ओले फडके आणि अर्ध्या-अर्ध्या तासाने पन्हे, हे मोठ्यांनाही हवे. वाटेत टरबूज मिळाले तर घ्यावे, त्यासारखा मेवा नाही.

स्त्रियांनीही पाण्यात उतरावे. वर्षभर घर आणि वावर सांभाळणाऱ्या बाईला हा दिवस काठावर भांडी घासण्यात का जावा? मात्र नऊवारी-सहावारी ओली झाली की पायात गुंडाळते. त्या दिवशी पंजाबी पोशाख बरा.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे राखण. दहा मुलांवर दहा मोठी माणसे असून कुणाचेच लक्ष नाही, असे होते. म्हणून अर्ध्या-अर्ध्या तासाच्या पाळ्या लावाव्यात. ज्याची पाळी त्याने गप्पा मारू नयेत, पत्ते खेळू नयेत, मोबाइल पाहू नये. दारू प्यालेल्याला पाण्याजवळ फिरकू देऊ नये. बुडणारे मूल ओरडत नाही. त्याचे तोंड पाण्याशी असते, हात निमूट हलतात आणि क्षणात ते दिसेनासे होते.

याच दिवशी मुलांना एक विद्या द्यावी. कमरेइतक्या पाण्यात मामाने भाच्याच्या मानेखाली आणि पाठीखाली हात धरावा. त्याला आकाशाकडे पाहायला सांगावे, कान पाण्यात, पोट वर, हात पसरलेले, श्वास सावकाश. हळूहळू हात काढून घ्यावेत. उताणे तरंगता आले की घाबरून हातपाय मारण्याची सवय जाते. पोहणे पुढच्या सुट्टीत येईल. मुलींना हे शिकवण्यात कसूर करू नये.

प्रसंग आलाच तर

बुडणाऱ्यामागे उडी टाकू नये. घाबरलेला माणूस वाचवणाऱ्याला मिठी मारतो, आणि एकाच्या जागी दोघे जातात. दोर, बांबू, धोतर, साडी, ट्यूब, जे हाती असेल ते फेकावे आणि ओढावे.

बाहेर काढलेल्याला उलटे टांगणे, मडक्यावर पालथे घालणे, पोट दाबणे हे जुने उपाय करू नयेत. त्यात वेळ जातो आणि पोटातले पाणी श्वासनलिकेत शिरते. श्वास चालत नसेल तर त्याला कडक जमिनीवर उताणे निजवावे, हनुवटी वर करावी, नाक चिमटीत धरून तोंडाने २ ते ५ वेळा श्वास द्यावा. मग छातीच्या मध्यभागी तळहाताने जोराने, भरभर ३० वेळा दाबावे, पुन्हा २ श्वास, पुन्हा ३० दाब. वेग मिनिटाला १०० ते १२०. दुसऱ्याने तोवर १०८ क्रमांकावर गाडी बोलवावी. गाडी येईपर्यंत थांबू नये. शुद्धीवर आलेल्यालाही त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे, कारण फुप्फुसात गेलेले पाणी नंतर त्रास देते.

एवढे वाचून कुणी म्हणेल, मग घरीच बसलेले बरे. पण नदीकाठच्या मुलांना पाण्यापासून कुठवर दूर ठेवाल? आज ना उद्या ती जाणारच. तेव्हा त्यांना तरंगता यावे, खड्ड्याची जागा ओळखता यावी आणि पाणी चढू लागले की बाहेर पडण्याची अक्कल असावी, हे त्यांना तुमच्याखेरीज कोण शिकवणार? मृगापूर्वी अजून काही दिवस आहेत. आजच पाटकऱ्याला गाठा, बांबू आणि दोर काढून ठेवा, आणि नदीवर सगळ्यांच्या आधी तुम्ही जाऊन या.